स्टॅम्प पेपरवरची फारकत, मुलीचा ताबा आणि पोटगी

तुम्ही पत्रात लिहिलेल्या हकिकतीचा सारांश आधी मांडते, कारण पुढचे उत्तर त्यावरच उभे आहे. तुमचे लग्न सात वर्षांपूर्वी हिंदू पद्धतीने झाले. मुलगी साडेचार वर्षांची आहे आणि गेले चौदा महिने ती तुमच्यासोबत माहेरी राहते. एका खासगी रुग्णालयाच्या बिलिंग विभागात तुम्हाला दरमहा २२,००० रुपये पगार आहे. चार महिन्यांपूर्वी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांची बैठक झाली आणि तिथे ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर ‘फारकतनामा’ लिहून नोटरीसमोर तुमची सही घेण्यात आली. त्यात तुम्ही पोटगीचा हक्क सोडला आहे, शिवाय मुलगी पाच वर्षांची झाली की तिला वडिलांच्या ताब्यात देण्याचे कबूल केले आहे. आता पती सांगतात की घटस्फोट झालेला आहे, मुलगी कायद्यानेच आपल्याकडे येणार आहे, आणि नोकरी असल्यामुळे तुम्हाला पोटगी मागता येणार नाही.

यातली एकही गोष्ट तशी नाही. मात्र तुमच्या मनात जो गोंधळ झाला आहे तो समजण्यासारखा आहे, कारण त्या कागदाने तीन वेगळे प्रश्न एकाच गाठोड्यात बांधले आहेत. विवाह संपतो की नाही, हा एक प्रश्न. त्याची कसोटी कायद्यातील कारणे किंवा दोघांची संमती ही असते. मूल कोणाकडे राहणार, हा दुसरा. तिथे कसोटी फक्त मुलाच्या हिताची. पोटगी किती, हा तिसरा. तिथे गरज आणि ऐपत पाहिली जाते. बावीस वर्षे कौटुंबिक न्यायालयात उभी राहिल्यावर मी एवढे ठामपणे सांगू शकते की, सर्वांत वाईट तडजोडी त्याच घरांत होतात जिथे ‘मुलगी दे, मग सही करतो’ किंवा ‘पोटगी सोड, मग मुलगी ठेव’ अशी देवाणघेवाण सुरू होते.

आधी त्या फारकतनाम्याविषयी. हिंदू विवाह कायदा, १९५५ खाली झालेला विवाह न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच संपतो. नोटरी फक्त सही कोणी केली याची नोंद ठेवतो. त्याला विवाह मोडण्याचा अधिकार नाही, आणि तो पाच वडीलधाऱ्यांनाही नाही. कायद्यात याला एकच अपवाद आहे. कलम २९(२) नुसार एखाद्या समाजात रूढीने घटस्फोट घेण्याची पद्धत चालत आली असेल, तर ती पद्धत कायद्याने शाबूत ठेवली आहे. आपल्याकडे काही समाजांत जातपंचायतीसमोर काडीमोड होत असे, त्याचाच हा धागा. पण ती रूढी प्राचीन, सलग आणि निश्चित स्वरूपाची आहे हे पुराव्याने सिद्ध करण्याची जबाबदारी, ती सांगणाऱ्यावर असते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये यमनाजी जाधव यांच्या प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. ‘आमच्यात असेच होते’ एवढे सांगून ते सिद्ध होत नाही. तुमच्या पत्रात अशा कुठल्याही रूढीचा उल्लेख नाही. त्यामुळे आजच्या तारखेला तुम्ही दोघे कायद्याने पती-पत्नीच आहात, आणि या कागदाच्या भरवशावर दोघांपैकी कोणीही दुसरे लग्न केले तर ते लग्न शून्य ठरेल. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली तो सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. तुमच्या पतीसाठी स्थळे पाहणे सुरू असल्याचे तुम्ही ओझरते लिहिले आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

मग खरा घटस्फोट कसा घ्यायचा? दोघांनाही विभक्त व्हायचे असेल तर कलम १३ब खालील संमतीचा घटस्फोट हाच कमी त्रासाचा मार्ग. त्यासाठी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असणे आवश्यक असते आणि तुमचे चौदा महिने झाले आहेत. अर्ज दाखल केल्यावर सहा महिने थांबावे लागते आणि त्यानंतर, परंतु अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा न्यायालयासमोर येऊन संमती कायम असल्याचे सांगायचे असते. अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या २०१७ च्या निकालानंतर हा सहा महिन्यांचा कालावधी माफ करता येतो. परंतु तडजोडीचे प्रयत्न थकले आहेत, पोटगी आणि ताबा यांचा निपटारा झाला आहे, आणि अर्जापूर्वीच दीड वर्षाचा विभक्त काळ उलटला आहे या बाबी तिथे पाहिल्या जातात. म्हणजे आणखी चार महिन्यांनी अर्ज केलात तर ही माफी मागणे तुम्हाला सोपे जाईल. हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकते, हेही लक्षात ठेवा; सुरेश्ता देवी प्रकरणात १९९१ मध्ये हे ठरले आहे. म्हणूनच मी पक्षकारांना सांगते की, ठरलेली एकरकमी रक्कम दुसऱ्या तारखेला न्यायालयातच डिमांड ड्राफ्टने हातात पडली पाहिजे. ‘निकालानंतर अर्धे देतो’ या शब्दावर कोणीही सही करू नये.

संमती झाली नाही तर कलम १३ खाली दावा करावा लागेल. तिथे क्रूरता, परित्याग, व्यभिचार ही नेहमीची कारणे. परित्यागासाठी दाव्याच्या लगतपूर्वी सलग दोन वर्षे सोडून गेलेले असणे आवश्यक आहे, त्यामुळे ‘बायको सोडून गेली’ एवढ्यावर तुमच्या पतींना आज घटस्फोट मिळणार नाही. ‘नाते पूर्णपणे तुटले आहे’ हे कारण अजूनही कायद्यात नाही. सर्वोच्च न्यायालय राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली त्या आधारावर विवाह संपवू शकते, असे घटनापीठाने १ मे २०२३ रोजी शिल्पा शैलेश प्रकरणात सांगितले, पण तो अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाचा आहे. कौटुंबिक न्यायालयात तो आधार चालत नाही.

आता मुलीविषयी. तुमच्या पत्राचा निम्मा भाग तिच्याबद्दल आहे आणि तो तसाच असायला हवा होता.

‘पाच वर्षांपर्यंत आईकडे, नंतर वडिलांकडे’ हा समज मी जवळजवळ दर आठवड्याला ऐकते. तो हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ६ वरून आला आहे. ते कलम एवढेच सांगते की पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा. पाच वर्षे पूर्ण होताच मूल आपोआप वडिलांकडे जाते, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी काहीही बदलत नाही. फक्त आईच्या बाजूने असलेले ते एक गृहीतक सौम्य होते आणि मग त्याच कायद्याचे कलम १३ पूर्ण ताकदीने लागू होते, ज्यात मुलाचे हित हाच सर्वोच्च विचार असल्याचे म्हटले आहे. वडील नैसर्गिक पालक आहेत हे खरे, पण गीता हरिहरन प्रकरणात १९९९ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने आईलाही वडिलांच्या हयातीत नैसर्गिक पालक मानण्याचा मार्ग मोकळा केला आहे. शिवाय पालकत्व आणि ताबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फारकतनाम्यातील तुमच्या कबुलीचे काय? मूल ही कोणाची मालमत्ता नाही, त्यामुळे त्याच्या ताब्याचा करार आई-वडील आपसांत करून न्यायालयाला बांधू शकत नाहीत. न्यायालय तो कागद वाचेल, त्यावेळी कोण कोण हजर होते ते विचारेल, आणि मग बाजूला ठेवून मुलीकडे पाहील. तुम्ही मात्र ‘मी सहीच केली नाही’ असे चुकूनही म्हणू नका. सही केली, ती कोणत्या परिस्थितीत केली आणि त्यावेळी तुम्हाला स्वतंत्र सल्ला मिळाला नव्हता, हे जसे घडले तसे सांगा.

न्यायाधीश नेमके काय पाहतात हे जवळून सांगते. पगाराचा आकडा ताब्याच्या प्रश्नात दुय्यम असतो, कारण जास्त पैसा असलेल्याकडून पोटगी घेऊन ती उणीव भरून काढता येते. पाहिले जाते ते दैनंदिन आयुष्य. मुलीला बालवाडीतून कोण आणते? लसीकरणाच्या कार्डावर कोणाच्या सह्या आहेत? रात्री ताप आला तेव्हा डॉक्टरांकडे कोण गेले? तुम्ही कामावर असताना ती कोणापाशी असते? तुमच्या बाबतीत तुमची आई घरी असते, ही जमेची बाजू आहे. तिचे छोटे शपथपत्र जोडा. मूल मोठे असेल तर न्यायाधीश त्याला आपल्या दालनात बोलावून एकटे बोलतात, पण साडेचार वर्षांच्या मुलीकडून ‘तुला कोण आवडते’ याचे उत्तर कोणी मागणार नाही. तिला कोणी पढवले तर ते दोन वाक्यांत कळते, आणि त्याचा फटका पढवणाऱ्याला बसतो.

दुसऱ्या बाजूचेही बोलायला हवे, कारण मी तुमच्या मर्जीचे लिहायला बसलेली नाही. गेल्या सात महिन्यांत तुम्ही मुलीला वडिलांना भेटू दिलेले नाही, असे तुमच्याच पत्रात आहे. ते मनापासून भेटीसाठी येत असतील तर हे चुकीचे आहे आणि न्यायालयात तुमच्या विरुद्ध जाईल. यशिता साहू प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की मुलाला आई आणि वडील दोघांचेही प्रेम मिळण्याचा हक्क आहे, आणि ज्याच्याकडे ताबा नाही त्याला भेटीचे पुरेसे हक्क, शक्य असेल तिथे व्हिडिओ कॉलही, दिले पाहिजेत. काही वर्षांपूर्वीची एक खटला सुरू असतानाची गोष्ट मला विसरता येत नाही. न्यायालयाच्या बालकक्षात दर शनिवारी दोन तास एक सहा वर्षांचा मुलगा वडिलांना भेटायचा. वडील त्याला रंगखडूंची पेटी आणायचे. निघताना तो मुलगा ती पेटी समुपदेशक बाईंकडे द्यायचा आणि त्या ती टेबलाच्या खणात ठेवायच्या, कारण घरी गेल्यावर दप्तर तपासले जाई. त्या खणात शेवटी पाच पेट्या जमल्या होत्या, एकीतलाही खडू फारसा झिजलेला नव्हता. मी आईची वकील होते. त्या दिवसापासून कुठल्याही आईचे किंवा वडिलांचे वकीलपत्र घेताना मी भेटींविषयी आधी बोलते.

पती खरोखर मुलीला घेऊन जातील, अशी भीती असेल तर वाट पाहू नका. मुलगी जिथे नेहमी राहते तिथल्या कौटुंबिक न्यायालयाला ताब्याचा अर्ज ऐकण्याचा अधिकार असतो. पालक व पाल्य कायदा, १८९० च्या कलम ९ मध्ये तशी तरतूद आहे. अंतरिम ताबा आणि ‘न्यायालयाच्या परवानगीशिवाय मुलीला हलवू नये’ असा मनाई आदेश एकत्र मागता येतो. त्याच अर्जात स्वतःहून भेटीचे वेळापत्रक सुचवा: दर पंधरवड्याला एक दिवस, आठवड्यातून दोन व्हिडिओ कॉल, उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीचा काही भाग. ज्याच्या अर्जात दुसऱ्या पालकासाठी जागा असते, त्या अर्जाकडे न्यायालय वेगळ्या नजरेने पाहते. बालवाडीला लेखी कळवा की मुलीला कोणाकोणाकडे सोपवायचे. ताब्याचा आदेश कधीही कायमचा नसतो. परिस्थिती बदलली की तो बदलता येतो, त्यामुळे पहिल्याच आदेशात सगळे जिंकायची गरज नाही.

पोटगी. इथे आधी तुमची आणि मुलीची पोटगी वेगवेगळी करा. तुम्ही स्वतःचा हक्क कागदावर सोडला असला, तरी मुलीचा हक्क सोडण्याचा अधिकार तुम्हाला नव्हताच; तो तिचा आहे. आणि तुमचाही हक्क न्यायालयाबाहेरच्या कागदाने सुटत नाही, कारण कायद्याने दिलेली पोटगी सोडून देण्याचा करार सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध मानला जातो.

मार्ग अनेक आहेत. घटस्फोटाचा दावा चालू असताना हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली अंतरिम पोटगी. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ च्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेले भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४. आणि छळाची पार्श्वभूमी असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली पैसे, निवास व तात्पुरता ताबा. एकापेक्षा जास्त ठिकाणी अर्ज करता येतो, पण आधीच्या आदेशाची माहिती लपवता येत नाही आणि रकमांची वजावट होते.

नोकरी असलेल्या पत्नीला पोटगी मिळत नाही, हे अर्धसत्य आहे. प्रश्न असा असतो की सासरी ज्या राहणीमानात तुम्ही होतात, त्याच्या जवळपास तुम्हाला स्वतःच्या पगारात राहता येते का. मुंबई-पुण्यासारख्या शहरात २२,००० रुपयांत स्वतःचा आणि मुलीचा खर्च भागत नाही, हे न्यायालयाला पटवणे अवघड नसते. तुमची रक्कम कमी होईल, कदाचित बरीच कमी होईल, पण मुलीच्या खर्चाचा भार प्रामुख्याने वडिलांवरच राहील. तुमच्या कमाईच्या प्रमाणात काही वाटा तुमच्यावर येऊ शकतो. ‘पगाराच्या २५ टक्के’ असा नियम नाही. २०१७ च्या एका निकालात त्या प्रकरणातील परिस्थिती पाहून निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम रास्त मानली गेली, आणि तोंडोतोंडी त्याचा नियम झाला.

खरी लढाई होते ती उत्पन्नाच्या शपथपत्रावर. ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या निकालाने दोन्ही पक्षांना मालमत्ता व देणी यांचे सविस्तर शपथपत्र देणे बंधनकारक झाले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असेही ठरले. म्हणजे अर्ज करायला लावलेला प्रत्येक महिना तुमच्या खिशातून जातो. हे शपथपत्र कसे वाचायचे ते सांगते. एका प्रकरणात पतीने व्यवसायातून दरमहा २५,००० रुपये मिळतात असे लिहिले होते. त्याच्याच बँक उताऱ्यात दर महिन्याच्या ५ तारखेला गाडीचा १९,००० रुपयांचा हप्ता जात होता. न्यायाधीशांनी उतारा पुढे सरकवून विचारले, ‘उरलेल्या सहा हजारांत तुम्ही पेट्रोल भरता की जेवता?’ पुढच्या तारखेला सुधारित शपथपत्र आले. म्हणून तीन वर्षांचे बँक उतारे आणि प्राप्तिकराची विवरणपत्रे मागा. ऐच्छिक विमा किंवा स्वतःहून काढलेले कर्ज दाखवून पोटगी घटवता येत नाही. ‘सध्या नोकरी नाही’ ही सबबही धडधाकट माणसाला फारशी उपयोगी पडत नाही. आणि हेच सगळे तुम्हालाही लागू आहे: तुमचा पगार, तुमची मुदत ठेव, आईने दिलेले सोने, काहीही लपवू नका. मी भक्कम प्रकरणे एका न सांगितलेल्या बचत खात्यामुळे कोसळताना पाहिली आहेत.

आदेश होऊनही पैसे आले नाहीत तर थकबाकी साचू देऊ नका. कलम १४४ खाली थकीत रकमेच्या वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. वॉरंट निघते, दर महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली म्हणून रक्कम माफ होत नाही; १९८९ पासून हा कायदा पक्का आहे. नोकरदार पतीच्या बाबतीत पगारातून थेट कपातीचा आदेश मागणे मला जास्त उपयोगी वाटते.

तुमच्यासोबत पत्र वाचणाऱ्या तुमच्या मैत्रिणीचा आंतरधर्मीय विवाह विशेष विवाह कायदा, १९५४ खाली झाला असल्याने तिच्यासाठी संमतीच्या घटस्फोटाचे कलम २८ आहे. रचना जवळपास तशीच आहे. पोटगीचे कलम १४४ मात्र सर्व धर्मांच्या स्त्रियांना खुले आहे, आणि घटस्फोटित मुस्लिम स्त्रियांनाही ते लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले.

आता या आठवड्यात करायची कामे. फारकतनाम्याची प्रत मिळवा. मूळ कागद तुमच्याकडे असेल तर तो फाडू नका, तो दबावाचा पुरावा आहे. लग्नाचा दाखला किंवा फोटो आणि पत्रिका, मुलीचा जन्मदाखला, बालवाडीच्या फीच्या पावत्या, औषधांची बिले, तुमच्या पगाराच्या चिठ्ठ्या, स्त्रीधनाची यादी आणि पतीच्या नोकरीचा जो काही तपशील माहीत आहे तो, एका फाइलमध्ये तारखेनुसार लावा. व्हॉट्सॲपवरील धमक्यांचे संदेश पुसू नका, फोनही बदलू नका. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्री म्हणून तुम्हाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो आणि मुलीलाही तो हक्क स्वतंत्रपणे आहे. अर्ज तुम्ही राहता तिथल्याच न्यायालयात करता येतील, सासरच्या गावी खेटे घालावे लागणार नाहीत. आणि पती या रविवारी मुलीला भेटायला येणार असल्याचे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा तुमच्या घरी, तुमच्या आई-वडिलांच्या उपस्थितीत, त्यांना दोन तास मुलीसोबत बसू द्या. ते कधी आले, कधी गेले आणि भेट कशी झाली हे त्याच रात्री एका वहीत लिहून ठेवा.